दोनशे छप्पन घरांची रिंग

नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरचा कोड वाचायला घेतला की सगळ्या वाटा हिच्यापाशीच येऊन मिळतात. हिचं नाव डिस्क्रिप्टर रिंग. इंटेलच्या जुन्या गिगाबिट चिपांसाठी लिनक्समध्ये ई१००० नावाचा ड्रायव्हर आहे. त्यात पॅकेट पाठवायच्या रिंगला मुळात २५६ घरं असतात, प्रत्येक घर १६ बाइटांचं. म्हणजे सगळी मिळून ४०९६ बाइट, मेमरीचं बरोबर एक पेज. एवढ्या जागेत हिचा सगळा कारभार. तुमचं पत्र, फोटो, व्हिडिओ कॉलमधलं बोलणं, काहीही तारेवर जायचं तर आधी हिच्याकडे नोंद व्हावी लागते.

नोंदच, कारण माल ती स्वतःकडे ठेवत नाही. पॅकेट मेमरीत कुठल्या पत्त्यावर आहे, किती लांब आहे, इथेच संपतं का, आणि पाठवून झाल्यावर कळवायचं का, एवढंच एका घरात लिहिलेलं असतं. शेवटच्या घरापुढे पुन्हा पहिलं घर. रहाटाच्या गाडग्यांसारखी ती एकीकडून भरत आणि दुसरीकडून रिती होत फिरते.

तिचे धनी दोन, ड्रायव्हर आणि कार्ड. दोघांचा वेग वेगळा, घड्याळ वेगळं, आणि एकमेकांसाठी थांबायला सवड कोणालाच नाही. तरी भांडण होत नाही, कारण कुठलं घर कोणाचं हे तिच्यापाशी प्रत्येक क्षणी ठरलेलं असतं. हेड आणि टेल असे दोन आकडे असतात. हेडपासून टेलच्या अलीकडपर्यंतची घरं कार्डाची, तिथे ड्रायव्हर हात लावत नाही. दोन्ही आकडे एकाच घरावर आले की रिंग रिकामी. मग पूर्ण भरलेली कशी ओळखायची? तेव्हाही ते एकाच घरावर येतील. म्हणून ड्रायव्हर एक घर कायम मोकळं सोडतो. २५६ घरं, वापरात जास्तीत जास्त २५५. त्या एका घराच्या त्यागावर सगळा हिशेब स्वच्छ राहतो, आणि मला तो फार सुंदर वाटतो.

एक पॅकेट जाताना जवळून बघा. टेल ज्या घरावर आहे तिथे ड्रायव्हर पॅकेटचा पत्ता आणि लांबी लिहितो. मग टेल एक घर पुढे करून तो आकडा कार्डाच्या रजिस्टरमध्ये टाकतो. याला डोअरबेल वाजवणं म्हणतात. तोवर कार्डाला नव्या कामाची खबरही नसते. बेल वाजली की ते प्रोसेसरला न विचारता मेमरीतून ते घर वाचतं, पॅकेट उचलतं, तारेवर सोडतं आणि त्याच घरात ‘झालं’ असा एक बिट लावून जातं. प्रोसेसर मधल्या काळात दुसऱ्या कामाला लागलेला असतो.

इथे एक नियम कडक आहे: आधी घर लिहायचं, मग बेल वाजवायची. काही प्रोसेसर मेमरीत लिहिण्याचा क्रम आपल्या सोयीने बदलतात. बेल आधी पोचली आणि पत्ता मागे राहिला, तर कार्ड त्या घरातला शिळा पत्ता वाचून भलतीच मेमरी तारेवर पाठवील. म्हणून दोन्हींच्या मध्ये मेमरी बॅरिअरची एक ओळ असते. इंटेलच्या प्रोसेसरवर तिच्यावाचून सहसा अडत नाही, त्यामुळे नवखा माणूस ती गाळतो. क्रम सैल असलेल्या प्रोसेसरवर तोच ड्रायव्हर कधीतरी दगा देतो, आणि चूक शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

बेल वाजवणं स्वस्त नाही, त्यासाठी प्रोसेसर आणि कार्ड यांना जोडणारी बस ओलांडून कार्डापर्यंत जावं लागतं. म्हणून २०१४ मध्ये लिनक्सच्या ३.१८ आवृत्तीत सोय आली: पॅकेट एकापाठोपाठ येत असतील तर घरं भरत जा, बेल शेवटी एकदाच. कार्डाचं रजिस्टर वाचणं तर त्याहून महाग, उत्तर येईपर्यंत प्रोसेसर खोळंबतो. त्यामुळे काम झालं का हे ड्रायव्हर कार्डाला विचारत नाही, घरातला बिट पाहतो.

जागा संपत आली की ड्रायव्हर पॅकेट पाठवणाऱ्या वरच्या थराला थांबवतो आणि घरं मोकळी झाली की पुन्हा बोलावतो. पॅकेट घेणाऱ्या रिंगेचं दुःख वेगळं. तिच्यात ड्रायव्हर रिकामे बफर मांडून ठेवतो आणि कार्ड ते भरतं. मांडणारा मागे पडला तर तारेवरून येणाऱ्याला ‘थांब’ म्हणण्याची सोय बहुधा नसते, पॅकेट गळतात.

मग रिंग लांबच लांब करावी, असं अनेकांना वाटतं. मला ते पटत नाही. १५०० बाइटांच्या पॅकेटला गिगाबिट तारेवर सुमारे १२ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे भरलेली रिंग तीनेक मिलिसेकंदांत रिकामी होते. तीच रिंग १० मेगाबिटच्या तारेवर ३०० मिलिसेकंदांहून जास्त घेते, आणि शेवटच्या घरात बसलेला फोनवरचा शब्द तेवढा वेळ ताटकळतो. यावर २०१२ मध्ये लिनक्स ३.३ मध्ये बाइट क्यू लिमिट्स आलं. तारेला पुरतील एवढेच बाइट रांगेत राहू द्यायचे, घरं मोकळी असली तरी.

तिचा वंश आता मोठा झाला आहे. हार्ड डिस्कच्या एएचसीआय पद्धतीत एका पोर्टला ३२ आज्ञांचीच रांग होती. २०११ मध्ये आलेल्या एनव्हीएमई पद्धतीने ६५,५३५ रांगांपर्यंत मुभा दिली. तिथेही हेड, टेल आणि डोअरबेल आहेतच.

संगणकशास्त्र शिकत असाल तर तिला नुसती पुस्तकात भेटू नका. एमआयटीच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या अभ्यासक्रमात एक्सव्ही६ या छोट्या प्रणालीसाठी ई१००० चा ड्रायव्हर लिहायला देतात. तिथे पाठवायची रिंग फक्त १६ घरांची आहे. साहित्य इंटरनेटवर मोफत आहे आणि खरं कार्डही लागत नाही, क्यूएमू हा एम्युलेटर ते सॉफ्टवेअरमध्ये उभं करतो. टेल स्वतःच्या हाताने पुढे सरकवून बघा.