शा. शि.चा तास कोणाचा?

शाळेचं वेळापत्रक तुम्ही कधी नीट वाचलंय का? गणित, इंग्रजी, विज्ञान यांच्या गर्दीत एखाद्या चौकोनात ‘शा. शि.’ अशी दोन अक्षरं अंग चोरून बसलेली असतात. शा. शि. म्हणजे शारीरिक शिक्षण. सगळ्या तासांत गरीब तास हाच. सहामाही जवळ आली की गणिताचे सर तो मागून नेतात. पाऊस लागला की तो आपोआप बुडतो. आणि आमच्या आजऱ्यात पाऊस लागतो म्हणजे काय, ते इथं नांदणाऱ्या बाईलाच ठाऊक! पावसाळाभर मैदान म्हणजे रोपलावणीला तयार केलेलं शेतच.

मी शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते, त्यामुळं हा तास मला आईच्या नजरेनं दिसतो आणि शिक्षिकेच्याही. बघून बघून एक गोष्ट पक्की झाली आहे. पुस्तक तेच, मैदान तेच, शिट्टीही तीच. पण खेळाचे सर स्वतःला कोण समजतात, यावर तासाचं रूप ठरतं.

माझ्या लहानपणी आम्हांला जे सर होते, ते सैन्यातून निवृत्त झालेले. बेळगावच्या मराठा रेजिमेंटमध्ये भरती झालेली माणसं आमच्या भागात गावोगाव आहेत. सरांच्या लेखी शारीरिक शिक्षण म्हणजे शिस्त. सावधान, विश्राम, दहिने मूड! रांगेत कुणी हललं की उन्हात उभं राहायचं. माणूस मनानं चांगला. पण आम्ही खेळायला आलोय, हे त्यांच्या ध्यानीमनीच नसायचं.

या समजुतीलाही इतिहास आहे. आजऱ्याहून आंबोली घाट उतरलं की सावंतवाडी. त्या मुलखातल्या तिरोड्याचे जगन्नाथराव भोसले आझाद हिंद सेनेत सेनानी होते. स्वातंत्र्यानंतर केंद्रात उपमंत्री असताना त्यांनी १९५४ साली राष्ट्रीय शिस्त योजना सुरू केली. सुरुवात झाली ती दिल्लीत, फाळणीत घरदार गमावून आलेल्या निर्वासितांच्या मुलांपासून. ज्या लेकरांचं सगळंच विस्कटलं होतं, त्यांना एका तालात पाय टाकताना आधार वाटला असेल. पुढं ही योजना देशभरच्या शाळांत गेली. कवायत वाईट नाहीच. पण ती कशासाठी हे विसरलं, की उरते ती नुसती शिक्षा.

दुसऱ्या प्रकारचे शिक्षक पदकवाले. तालुक्याचा कप आणायचा, जिल्ह्याला संघ न्यायचा. यातही गैर काही नाही. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० साली नेमबाजीत जगज्जेती झाली, तेव्हा आम्हां सगळ्यांचीच मान ताठ झाली होती. पण संघातल्या पोरी पळतात आणि वर्गातल्या उरलेल्या तीस जणी झाडाखाली बसून त्यांचे दप्तर-डबे राखतात, हेही आपण बघतोच की.

आणि कोण खेळणार, हे एका नजरेत ठरवता येतं असं कुणी समजू नये. खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकत असताना कुस्तीत नाव द्यायला गेले, तेव्हा त्यांची किरकोळ अंगकाठी बघून क्रीडाशिक्षकांनी नकार दिला, असं सांगतात. मग प्राचार्य बॅ. बाळासाहेब खर्डेकरांनी परवानगी दिली. पुढं हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले, तर याच खर्डेकरांनी आपलं राहतं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. १९५२ साली खाशाबांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताला मिळालेलं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पोरगा तोच, अंगकाठी तीच. बघणारी नजर तेवढी वेगळी!

तिसरे शिक्षक मला जास्त काळजीत टाकतात. ते स्वतःच म्हणतात, “बाई, तुमचा पोर्शन राहिलाय न्हवं? घ्या माझा तास. पोरं नुसती उंडारणारच की.” हे ऐकून राग येत नाही, पोटात तुटतं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातसुद्धा सहावी ते आठवीसाठी, शंभराहून जास्त मुलं असतील तर, आरोग्य व शारीरिक शिक्षणाचा निदेशक सांगितलाय, तो अर्धवेळ. अर्धवेळ माणसाचं मत कुणी विचारत नाही, हे मला चांगलं माहीत आहे. ज्याला बाकीचे पूर्ण शिक्षक मानत नाहीत, त्यानं आपला विषय पूर्ण मानावा कसा?

पण याची किंमत पोरी भरतात. आठवी-नववीत “मला नाही बाई खेळ जमत” असं एकदा मनानं घेतलं, की ती मुलगी पुढं संसारात पडल्यावर स्वतःच्या शरीराकडं बघतच नाही. कंबर धरली, गुडघे धरले, की मगच शरीर आठवतं. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, मुलांनी रोज सरासरी साठ मिनिटं तरी चांगली हालचाल करावी. २०१६ सालच्या आकडेवारीनुसार, जगभरातल्या ११ ते १७ वयाच्या शंभरातल्या ८१ मुलांना तेवढं मिळत नव्हतं. मुलींमध्ये तर ८५ जणींना.

अलीकडं माझ्या ओळखीच्या एका तरुण बाईंचा तास बघितला. चौघी-चौघींचे गट, कुणी लंगडी, कुणी दोरीवरच्या उड्या, कुणी चेंडू झेलतंय. रिकामी कुणीच नाही. जाड मुलीला हसणं नाही. एकीला पाळी आली होती. बाई तिला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, “दुखत असेल तर बस. पण पाळी आहे म्हणून बसलंच पाहिजे, असं नाही.” त्यांना विचारलं, हे कुठं शिकलात? त्या हसल्या. “शाळेत असताना मला कधी कुणी संघात घेतलं नाही. म्हणूनच बी.पी.एड. केलं.”

म्हणजे शिक्षकाची नजर त्याच्या स्वतःच्या मैदानावरच्या दिवसांतून येते. बी.पी.एड.च्या पदवीइतकीच तीही तपासून बघायला हवी. आणि ती बदलायला आपण आयाही थोडा हातभार लावू शकतो. पालकसभेत गणिताच्या सरांभोवती गराडा पडतो, तेव्हा एकटे उभे असलेल्या खेळाच्या सरांकडं जावं. माझी मुलगी काय खेळते, कशाला भिते, एवढं विचारावं. आपलं काम कुणीतरी बघतंय, हे कळलं की माणूस ते निगुतीनं करतो. आपलं स्वयंपाकघर काय वेगळं सांगतं? परीक्षा आली म्हणून ‘आजारी आहे’ अशी खोटी चिठ्ठी देऊ नये. आणि मुलगी घरी आली, की “किती मार्क पडले?” याआधी एकदा “आज काय खेळलीस गं?” असं विचारून बघा.