मांडवीच्या पाण्यात : लहान होडी की केबिनची मोठी बोट?

बेळगावकरांचे गोव्याशी नाते तसे रस्त्याचे. चोर्ला घाट उतरला की पुढे पणजी. इकडची भाजी आणि दूध रोज तिकडे जाते, आणि सुट्टी लागली की त्याच वाटेने आपणही जातो. पण रस्त्याच्याही आधीचे एक नाते आहे, ते पाण्याचे. खानापूर तालुक्यातल्या भीमगडच्या रानात उगम पावणारी नदी कन्नडमध्ये महादायी, सत्तरीत म्हादई आणि पणजीपाशी मांडवी होते. एकाच घरात आईला कुणी आई म्हणावे, कुणी अव्वा म्हणावे, तसेच हे. पाणीवाटपाचा वाद ज्यांनी सोडवायचा ते सोडवतील. आपल्या रानातले पाणी समुद्राला कसे भेटते, हे प्रत्येक बेळगावकराने एकदा तरी पाण्यावर बसून पाहावे.

पण बसायचे कशात? पणजीत गेलेल्या कुटुंबापुढे हा प्रश्न हमखास येतो. एकीकडे अठरा-वीस फुटांची उघडी, मागे इंजिन लावलेली चपळ होडी. दुसरीकडे पस्तीस-चाळीस फुटांची, खाली वातानुकूलित केबिन, छोटेसे स्वयंपाकघर आणि शौचालय असलेली, तासावर भाड्याने मिळणारी बोट. मुले म्हणतात, जोरात जाणारी हवी. वडीलधारी म्हणतात, बसायला नीट जागा हवी. आणि खर्च करणारा मनातल्या मनात माणशी हिशेब करीत उभा असतो.

आमच्या घरी हा वाद दोन भाषांतून झाला. माझ्या सासूबाई धारवाडच्या, वय सत्तरीपलीकडे, गुडघ्यांची तक्रार. त्यांच्यासाठी म्हणून आम्ही पहिल्या खेपेस केबिनची मोठी बोट घेतली. चढायला नीट फळी, आत मऊ गाद्या, थंड हवा. रेइश मागूशचा किल्ला, आग्वादचा डोंगर, कॅसिनोंच्या बोटी, सगळे काचेतून दिसले. मुले मात्र गादीवर लोळून टीव्ही बघत बसली. आग्वादच्या पुढे बोट थांबली, संथपणे डुलू लागली आणि सासूबाईंना मळमळू लागले. खलाशी अनुभवी होता. त्याने त्यांना वर उघड्यावर बसवले आणि क्षितिजाकडे बघत राहायला सांगितले. दहा मिनिटांत त्या सावरल्या. बंद खोलीत डोळ्यांना सगळे स्थिर दिसते आणि शरीराला मात्र हालचाल कळते. या विसंगतीनेच बोट लागते. म्हणून ज्यांना बोट लागते त्यांनी केबिनमध्ये आडवे होऊ नये. वर, वाऱ्यात, बोटीच्या मध्यभागी बसावे.

पुढच्या वर्षी सासूबाईंनीच निकाल दिला, "सण्णदे साकु." लहानच पुरे. आणि वर म्हणाल्या, "नीरु नोडाक बंदीवि," आपण पाणी बघायला आलो आहोत. कन्नडमध्ये होडीला दोणी म्हणतात, आणि एकाच लाकडातून कोरलेल्या होडीला आपणही डोणीच म्हणतो. शब्द सख्खे भाऊ आहेत. लहान होडीवरचा त्यांचा विश्वास कदाचित त्या शब्दातूनही आला असेल.

लहान होडीचा पहिला गुण म्हणजे तिला थोडे पाणी पुरते. दीड-दोन फूट खोलीतही ती चालते आणि उथळ जागी इंजिन वर उचलता येते. मोठ्या बोटीला तीन-चार फूट तरी हवेत, आणि चालक अंगावर आणखी दोन-तीन फूट राखूनच चालतो. मांडवीत हा फरक फार मोठा आहे, कारण मांडवीचे खरे सौंदर्य उथळ पाण्यात आहे. रिबंदरसमोरच्या चोडण बेटावर डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. जेमतेम १.७८ चौरस किलोमीटर, पण सगळे खारफुटीचे. चोडणला रिबंदरहून फेरीबोट जाते. २०२५च्या जुलैपासून या मार्गावर मोठ्या रो-रो फेरीबोटीही आल्या. मात्र अभयारण्यातल्या अरुंद खाड्यांत शिरते ती छोटी होडीच, तीही भरतीच्या वेळी. ओहोटीला तिथे चिखल उघडा पडतो, आणि त्या चिखलात खेकडे नि उड्या मारणारे चिखलमासे दिसतात. इंजिन बंद करून होडी वल्ह्यावर आली की खंड्याचा सूर ऐकू येतो. केबिनच्या बोटीतून हे कधीच दिसणार नाही, कारण ती तिथवर येतच नाही.

पण हीच होडी समुद्रात निघाली की हिशेब उलटा होतो. वेगात ती पाण्यावर उचलली जाते आणि लाटांच्या माथ्यांवरून आपटत जाते. शांत पाण्यात हा आनंद असतो. लाटा असल्या की प्रत्येक आपटीचा दणका थेट पाठीच्या कण्यात. सर्वांत मोठा दणका पुढच्या टोकाला बसतो, आणि मुलांना नेमके तिथेच बसायचे असते. कंबरदुखी असणारे, गर्भवती, वृद्ध यांनी मागे बसावे, आणि समुद्रात तर अशा होडीत जाऊच नये. मोठी बोट वजनामुळे लाट कापत जाते, धक्के कमी बसतात. मात्र उंच बांध्यामुळे वारा तिला आडवा ढकलतो, धक्क्याला लावताना चालकाचे कसब लागते.

शिवाय मांडवीचे मुख वाटते तेवढे साधे नाही. आग्वादपाशी वाळूचा दांडा आहे. पावसाळ्यात तिथे लाटा फुटतात, म्हणून खनिज वाहणाऱ्या बार्जसुद्धा त्या दिवसांत कुंभारजुवे कालव्यातून जुवारीत आणि तिथून मुरगावला जात आल्या आहेत. एवढ्या मोठ्या बार्ज जिथे जपून वागतात, तिथे आपल्या होडीने काय करावे, हे सांगायला नको. इतर महिन्यांतही दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटतो आणि पाणी खवळते. डॉल्फिन पाहायचे असतील तर सकाळी लवकर निघावे. तेव्हा पाणी काचेसारखे असते, आणि इंजिन बंद करून वाट पाहिली तर आग्वाद-सिकेरीच्या बाजूला करड्या पाठी वर येतात. पाठलाग केला की त्या पळतात.

लहान की मोठी, याहून मोठा प्रश्न सुरक्षिततेचा आहे. २०२४च्या डिसेंबरात आठवड्याभरात दोन घटना घडल्या. १८ तारखेला मुंबईच्या समुद्रात घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' या मोठ्या प्रवासी बोटीवर, इंजिनाची चाचणी घेत असलेली नौदलाची वेगवान बोट आदळली आणि १५ जणांचा बळी गेला. २५ तारखेला कळंगुटला पर्यटकांची होडी किनाऱ्याजवळ उलटली, त्यात एकाचा मृत्यू झाला. एक बोट मोठी, एक लहान. म्हणजे आकार हे कवच नव्हे. मोठ्या बोटीत आपण निर्धास्त होतो आणि जीवरक्षक जाकीट बाकाखालीच राहते. बोट कलंडली तर बंद केबिनमधून बाहेर पडणे उघड्या होडीपेक्षा अवघड, हेही विसरता कामा नये.

दुसऱ्या खेपेस आम्हाला याची चुणूक मिळाली. होडीवाल्याने आम्हा सहा जणांना बसवले आणि धक्क्यावरून आणखी चौघांना हाक मारली. जाकिटे मोजली तर सातच. "नदीच तर आहे," तो म्हणाला. सासूबाई काही न बोलता उठल्या, माझ्या खांद्याचा आधार घेत धक्क्यावर उतरल्या. त्यांच्यामागे आम्ही सगळे. मुले हिरमुसली, पण अर्ध्या तासाने दुसरी होडी मिळाली. त्या नावाड्याने न सांगता आधी नातवाच्या जाकिटाचा पट्टा आवळला, मगच इंजिन सुरू केले. त्या सकाळी खारफुटीत भरती चढताना पाहिली, आणि "हे पाणी आपल्या खानापूरहून येते" असे सासूबाईंनी नातवाला कन्नडमध्ये सांगितले. त्याने हात बुडवून पाण्याची चव घेतली आणि तोंड वाकडे केले. खारट! मग भरती म्हणजे काय, ते त्याला मराठीत समजावावे लागले.

तेव्हा निष्कर्ष सोपा आहे. खाडी, खारफुटी, पक्षी पाहायचे आणि माणसे सहा-सातच असतील तर लहान होडी, सकाळी, भरतीला. नदीमुखाबाहेर जायचे, सोबत वृद्ध किंवा तान्ही मुले आहेत, दोन-तीन तास काढायचे आहेत, तर केबिनची मोठी बोट. नुसता संध्याकाळचा गारवा हवा असेल तर सांता मोनिका जेटीवरून निघणारी तासाभराची क्रूझ पुरे. ती खिशालाही परवडते. पावसाळ्यात मात्र समुद्राचे नावच काढू नये.

आणि कोणत्याही बोटीत पाय ठेवण्यापूर्वी नोंदणी क्रमांक आणि परवानगी असलेली प्रवासीसंख्या विचारावी. १९१७च्या जुन्या कायद्याच्या जागी आता २०२१चा अंतर्देशीय जहाज कायदा आहे; नोंदणी, तपासणी, जीवरक्षक साधने या गोष्टी त्यात बंधनकारक आहेत. विचारण्यात संकोच कसला? आपण धक्क्यावर गेलो की पहिला प्रश्न "किती घेणार?" हाच करतो. यापुढे आधी "भरती कधी?" आणि "जाकिटे किती?" हे विचारूया. या दोन प्रश्नांची उत्तरे जो नावाडी न अडखळता देईल, त्याची होडी लहान असो वा मोठी, बिनघोर बसावे.