आढ्यावरचा मुलूख

आजोळच्या कौलारू घराच्या आढ्यावर पडलेला पाऊस दोन वाटांनी उतरायचा. पुढच्या पाख्याचा अंगणात, मागच्याचा परसात. चंदगड तालुक्याचा भूगोल मला त्या आढ्यावरूनच कळला. सह्याद्रीच्या माथ्यावरचं पाणी पूर्वेकडं कललं की ताम्रपर्णीला नाहीतर घटप्रभेला मिळतं. ताम्रपर्णी पुढं घटप्रभेतच जाते. घटप्रभा गोकाकचा कडा उतरून कृष्णेला भेटते आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. तेच पाणी पश्चिमेकडं कललं तर तिलारीबरोबर दोडामार्गात उतरतं आणि गोव्यात शापोरा होऊन अरबी समुद्र गाठतं. हातभर अंतरावर पडलेले दोन थेंब, पण पुन्हा कधी भेटायचे नाहीत.

माणसांच्या वाटाही अशाच फुटल्या. १९५६ पर्यंत हा तालुका बेळगाव जिल्ह्यात होता. राज्यपुनर्रचनेत बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, चंदगड मुंबई राज्यात राहिलं आणि कोल्हापूरला जोडलं गेलं. कागदपत्रं कोल्हापूरला गेली, बाजार मात्र बेळगावातच राहिला. लग्नाचा बस्ता तिथला, लेकी दिल्या त्याही तिकडच्याच गावांत. बोलण्याला हेल कोकणी आणि थोरली बहीण ‘अक्का’. या बोलीला भेसळ म्हणणारे भेटतात तेव्हा मला राग येतो. शेजारणीकडून विरजण आणून लावलेल्या दह्याला कुणी भेसळीचं म्हणत नाही.

हद्दीवर राहणं इथं जुनंच आहे. गोव्यातल्या पोर्तुगीजांवर नजर ठेवायला शिवाजी महाराजांनी पारगड वसवला. १६७० मध्ये सिंहगडावर तानाजी मालुसरे पडले. त्यांचा मुलगा रायबा पारगडचा पहिला किल्लेदार झाला, आणि मालुसऱ्यांचे वंशज आजही गडावर नांदतात. गडावर पाहायला गेलेल्याला तटबुरुजांआधी दिसतात ती घरं, गोठे, दारातली तुळस. कोवाडला ताम्रपर्णीच्या काठी ‘स्वामी’कार रणजित देसाई राहिले. इतिहास लिहायला याहून जवळची जागा त्यांना कुठं मिळाली असती?

पण मला आठवतो तो इथला जून. रोहिणीत धूळवाफेवर भात पेरून ठेवायचं आणि पश्चिमेकडं बघत बसायचं. मृग आला की मातीला वास सुटायचा, मग आभाळ खालीच उतरायचं. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा. आजी म्हणायची, म्हाताराच जास्त झोडपतो. त्या पावसात बायका इरली पाठीवर घेऊन नाचण्याचा तरवा काढायच्या, मुठी बांधायच्या आणि वाकून लावण करत दिवसभर मागं मागं सरकायच्या. संध्याकाळी चुलीपुढं त्यांचे हात पांढरे पडून सुरकुतलेले दिसायचे. त्या हातांनी थापलेली नाचण्याची भाकरी मी खाल्ली आहे. तिचं मोल कुठल्या बाजारभावात बसवायचं, मला कळत नाही.

माळावरची रताळी बेळगावच्या बाजारात जायची आणि तिथून कुठल्या कुठल्या गावांतल्या उपवासाच्या ताटांत. आता डोंगरउतारावर काजू आहे, खाली ऊस आहे. गेली वीसेक वर्षं रानहत्तीही आहेत. ते कर्नाटकच्या रानातून आले, हद्द त्यांनाही ठाऊक नाही. एका रात्रीत उभं पीक तुडवलेलं बघणाऱ्याला मात्र हे सांगून काय उपयोग? हत्तीचाही जीव आणि त्याचाही. दोघांची कीव येते, आणि पहाटे बांधावर उभं राहिलं की आधी त्या शेतकऱ्याची.

आजोबा पावसात खाचराच्या मेरेवर फावडं घेऊन उभे असायचे. वरचं खाचर भरलं की मेरेला एक खाप पाडायचे. पाणी आमच्या खाचरातून शेजाऱ्याच्या खाचरात उतरायचं. एकदा मी विचारलं, हे कुठल्या समुद्राला जातं? त्यांनी ऐकलं नाही. शेजाऱ्याचा तरवा बुडू नये म्हणून ते वाकून हातानं चिखल लोटत खाप लहान करत होते.