पहिला स्कोप

परवा मामेभावाचा फोन आला. ईएनटीसीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. "दादा, ऑसिलोस्कोप घ्यायचाय. ५० मेगाहर्ट्झचा घेऊ की १०० चा?" मी पाच मिनिटं भरभरून बोललो आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की विचारायचा प्रश्न राहूनच गेला. २०१६ साली बाबांनी तो मला विचारला होता आणि मी उडवून लावला होता.

तर झालं असं, की आमच्या लॅबमध्ये सहा सीआरओ. त्यातले चार चालू, आणि एकेकावर पाच-पाच जण. नॉबला हात लागायचा तो बॅचमधल्या सगळ्यात आगाऊ मुलाचा. तो मी नव्हतो. त्यामुळे स्वतःचा स्कोप हवाच, हे डोक्यात पक्कं बसलं.

एक पर्याय होता डीएसओ१३८ नावाचं किट. दोन हजारांच्या आत, पण बँडविड्थ जेमतेम २०० किलोहर्ट्झ. खेळणं! बाद. दुसऱ्या टोकाला रिगोलचा डीएस१०५४झेड. चार चॅनल, ५० मेगाहर्ट्झ, अमेरिकेत ३९९ डॉलर, माझ्या हातात पडेपर्यंत तीस हजारांच्या पुढे. बाबांचं सांगलीत टीव्ही दुरुस्तीचं दुकान. एलईडी टीव्ही आल्यापासून तिथे गिऱ्हाइकापेक्षा धूळ जास्त. तीस हजार कुठल्या तोंडाने मागणार? उरला पुण्याच्या तापकीर गल्लीतला सेकंडहँड अ‍ॅनालॉग सीआरओ.

बाबा त्यासाठी मुद्दाम पुण्याला आले. दुकानात दोन होते. २० मेगाहर्ट्झचा सात हजारांना, ३० चा साडेआठला.

"तुला नेमकं बघायचंय काय?" बाबांनी विचारलं.

"सगळंच!" असं म्हणून मी लेक्चर ठोकलं. अर्डुइनोचं क्लॉक १६ मेगाहर्ट्झ, म्हणून ३०चाच हवा वगैरे. (हेही चूकच. चौकोनी लहर चौकोनी दिसायची तर तिच्या निदान पाचव्या हार्मोनिकपर्यंत पोचावं लागतं, म्हणजे ८० मेगाहर्ट्झ. शिवाय स्कोपवर छापलेल्या बँडविड्थला लहरीची उंची खऱ्याच्या ७० टक्क्यांवर आलेली असते. त्या वयात हे कोण वाचतो!) बाबांनी काही न बोलता साडेआठ हजार मोजले.

मात्र एका गोष्टीवर ते अडून बसले. प्लगची अर्थची पिन कुणीतरी कापून टाकली होती. दुकानदार म्हणाला, "सगळे असाच वापरतात, साहेब." बाबांनी तिथेच नवा थ्री-पिन टॉप बसवून घेतला. प्रोबची काळी क्लिप आतून स्कोपच्या बॉडीला आणि अर्थला जोडलेली असते. अर्थ तोडून ती क्लिप चुकून मेन्सला लागली, तर अख्खी बॉडी जिवंत होते. टीव्हीवाल्याला हे शिकवावं लागत नाही.

दोन महिने मजेत गेले. मग लाइन फॉलोअर रोबो बनवायला घेतला. मोटर उलटी फिरली की अर्डुइनो रीसेट. सीआरओ लावला पाच व्होल्टच्या लाइनवर. रेघ थरथरायची, खाली काहीतरी चमकून जायचं, संपलं. अ‍ॅनालॉग स्कोप एकच लहर परत परत काढतो, म्हणून ती स्थिर दिसते. एकदाच घडून गेलेलं तो धरून ठेवत नाही. तीन रात्री खोलीत अंधार करून, पडद्यासमोर मोबाइलचा कॅमेरा लावून बसलो. हाती काही नाही. स्पर्धेत रोबो तिसऱ्या वळणावर रीसेट झाला, आणि आम्ही चौघंही.

शेवटी लॅब असिस्टंटनी कपाटातला डिजिटल स्कोप काढून दिला. मोड सिंगल, ट्रिगर चार व्होल्टवर, लहर उतरताना. पहिल्याच झटक्यात चित्र गोठलं. काही मिलिसेकंदांपुरते पाचाचे सव्वादोन व्होल्ट, आणि अर्डुइनोची चिप २.७ च्या खाली गेली की स्वतःला रीसेट करते. मोटरला वेगळी बॅटरी दिली, प्रश्न मिटला.

खरी गंमत पुढेच. हे पकडायला ३० मेगाहर्ट्झ लागलेच नसते. ज्याला मी खेळणं म्हटलं, त्या किटमध्येही सिंगल मोड होता. दोन हजारांत काम झालं असतं.

हे बाबांना सांगताना आवाज फुटेना. ते एवढंच म्हणाले, "सांगलीला घेऊन ये."

जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत आडवी रेघ सेकंदाला १५,६२५ वेळा काढली जाते. न थकता, तशीच्या तशी. अ‍ॅनालॉग सीआरओला याहून सोयीचं काही नाही. बाबांनी पंचवीस वर्षं हे सगळं मल्टिमीटर आणि कानावर निभावलं होतं. एका रात्री त्यांचा फोन आला. "अरे, हे असं दिसतं होय!" तोवर तसले टीव्ही महिन्याला एखादाच यायचा.

असो. संध्याकाळी मामेभावाला परत फोन केला आणि राहिलेला प्रश्न विचारला. थोडा वेळ शांतता. मग म्हणाला, बॅटरीवरचा सेन्सर आहे, झोपेतून जागा होताना कधीतरी अडकतो, ते बघायचंय. म्हटलं, मग मेगाहर्ट्झ सोड, मेमरी किती आहे ते बघ आणि मला कळव. आणि सांगलीला जाणार असशील तर हातात वेळ ठेव. बाबा सीआरओ दाखवल्याशिवाय सोडायचे नाहीत.