आवणीचे दिवस

आमच्या धाकट्या लेकीने धर्मभगिनी होऊन मिशनरी सेवेत जाण्याचा मनोदय सांगितला, त्या रात्री आमच्या घरची रोझरी अर्ध्यावरच थांबली. इतरांच्या घरी पाचारणे व्हावीत म्हणून आम्ही वर्षानुवर्षे प्रार्थना केली होती. ते आपल्या दारी आले, तेव्हा मात्र आम्ही आतून कडी घालू पाहत होतो.

त्याच पावसाळ्यात आम्ही उभयता तपसाधनेसाठी लोणावळ्याला गेलो. मुंबईत १९३१ साली जन्मलेले फादर अँथनी डिमेलो १९४७ साली येशूसंघात दाखल झाले. पुढे लोणावळ्यात स्थिरावलेल्या त्यांच्या ‘साधना’ संस्थेत देशोदेशींचे धर्मगुरू व धर्मभगिनी येत. त्यांना ते प्रथम स्वस्थ बसून आपला श्वास अनुभवायला शिकवीत. १९८७ साली न्यूयॉर्क येथे ते निवर्तले. त्यांच्या पद्धतीने आम्हीही मौन धरून बसलो. त्या शांततेत प्रभूची वाणी नव्हे, तर आमचेच भय प्रथम ऐकू आले : म्हातारपणी आमच्याजवळ कोण?

परतण्यापूर्वी कामशेतला एका परिचितांकडे गेलो. मावळात भाताची आवणी चालली होती. दाटीने उगवलेली रोपे उपटून बायका चिखलात एकेक लावीत होत्या.

“उपटताना मुळे तुटत नाहीत का?” आम्ही विचारले.

“तुटतात की! पण जागच्या जागी ठेवलं तर दाणा कसा धरायचा?” एक आजीबाई म्हणाल्या.

घरी येऊन लेकीची बॅग आम्हीच भरायला घेतली. राहिलेली रोझरी मग तिघांनी पूर्ण केली.