सव्वा महिना सरतो तेव्हा

सव्वा महिना सरला की बाळंतिणीच्या खोलीतली शेगडी बाहेर जाते. अंग रगडायला येणारी मावशी लुगडं-नारळ घेऊन निरोप घेते, अळिवाच्या लाडवांचा डबा रिकामा होतो, आणि घरादाराला वाटतं, बाई सुटली, आता कामाला लागेल. नेमकी त्याच सुमाराला बाळाची भूक वाढते.

माझ्या लेकीच्या त्या रात्री उंबरमाळीत, माहेरी गेल्या. खर्डी आणि कसारा यांच्या मधलं हे छोटं स्टेशन. चैत्र संपत आलेला, घरावरचा पत्रा उशिरापर्यंत तापलेला. दिवस मावळला की तिचं सुरू व्हायचं. पिऊन डोळा लागतो न लागतो तोच चुळबुळ, तोंडात मूठ, मग रडं. तिला उराशी घेऊन मी भिंतीला टेकून बसे. अंधारात कान आपोआप जागे होतात. घाटाकडे निघालेल्या मालगाडीची धडधड, रातकिडे, लांबवर भुंकणारं कुत्रं, आणि या सगळ्यांहून जवळ तिचा घोट गिळण्याचा आवाज. एक घोट, थोडं थांबणं, पुन्हा घोट. त्या आवाजाइतकं समाधान मला दुसऱ्या कशानेच दिलं नाही.

सकाळी शेजारणी मायेने विचारायच्या, "दूध पुरत नाही का गं?" प्रश्न साधा असतो, पण रात्री दोन वाजता तो एकट्या आईच्या उशाशी येऊन बसतो. म्हणून त्याचं उत्तर तिला आधीच ठाऊक असायला हवं. बाळ जितकं ओढतं तितकं दूध तयार होतं. तिसऱ्या आणि सहाव्या आठवड्याच्या, तिसऱ्या महिन्याच्या आसपास वाढीचा वेग चढतो तेव्हा बाळ वरचेवर पितं, आणि काही दिवसांत दूध त्याच्या भुकेला गाठतं. दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन रात्री जास्त स्रवतं, त्यामुळे रात्रीचं पाजणं वाया जात नाही. लहानग्याला अजून दिवस-रात्र कळत नाही. रात्रीच्या दुधातून आईचं मेलाटोनिन, झोपेची वेळ सांगणारं संप्रेरक, त्याच्यापर्यंत पोचतं. चौथ्या महिन्याच्या सुमाराला झोपेची घडणच बदलते आणि नीट झोपू लागलेलं मूल पुन्हा उठायला लागतं. या दिवसांत धास्तीने वरचं दूध सुरू केलं, तर बाळ अंगावर कमी ओढतं आणि दूध खरोखरच कमी होतं. दिवसाला सहा-सात लंगोट ओले होत असतील, अंगणवाडीच्या काट्यावर वजन चढत असेल, तर दूध पुरतं आहे.

भीती वाटायला हवी ती उठत नसलेल्या बाळाची. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या बायकांना नवजात बाळाची जी लक्षणं ओळखायला शिकवली, त्यांत मंदावलेलं चोखणं, क्षीण रडणं आणि ढिलं पडलेलं अंग ही होती. 1999 साली ते काम 'द लॅन्सेट'मध्ये छापून आलं. आज आशाताई घरी येऊन बाळ नीट पितंय का हे पाहते, त्यामागे हीच शिकवण आहे. जे लेकरू हाक देऊन उठवतं आणि जोराने ओढतं, त्याने आपली खुशाली कळवलेली असते.

पाजायला बसलं की आईचा घसा कोरडा पडतो. इथे मात्र गोष्ट घराबाहेर जाते. तानसा, भातसा, मोडक सागर ही मुंबईला पाणी देणारी धरणं आमच्या शहापूर तालुक्यात, आणि उन्हाळ्यात याच तालुक्यातले पाडे टँकरची वाट पाहतात. रात्रभर जागलेली बाई पहाटे हंडा घेऊन निघते. उन्हाळा आहे म्हणून बाळाला चमचाभर पाणी द्यावं, असं आजीला वाटतं. पण सहा महिन्यांपर्यंत बाळाची तहान आईच्या दुधातच भागते. तो चमचा आईकडे वळवावा, आणि तांब्याभर द्यावा. माझी आई रोज रात्री माझ्या उशाशी तांब्या भरून ठेवी. मी पाजलं की ती बाळाला खांद्यावर घेऊन ढेकर काढी, लंगोट बदली. पाजता पाजता माझी मान कलंडली, तर बाळाला उचलून सपाट अंथरुणावर उताणं निजवायला ती जागी असे.

कसाऱ्याला मुंबईकडून आलेल्या बहुतेक गाड्यांना मागून जादा इंजिनं जोडतात. पुढे थळ घाटात 37 फुटांना एक फूट असा चढ आहे, आणि मागून रेटा लागतो म्हणून पुढच्या इंजिनाला कुणी कमकुवत म्हणत नाही. सहाव्या आठवड्यातली आई अशाच चढाला लागलेली असते. आशाताईची नवजात बाळासाठीची शेवटची भेट 42व्या दिवशी होते, त्यानंतरची ठरलेली भेट बाळ तीन महिन्यांचं झाल्यावर. मधला घाट घरानेच चढवायचा असतो.

सव्वा महिन्याचा रिवाज मायेतूनच आला आहे. त्याची मुदत तेवढी वाढवावी. शेगडी हवी तर उचला, पण रात्रीचा हात तीन-चार महिने काढू नका. पहाटेची पाण्याची खेप नवऱ्याने करावी, भाकरी तिला गरम मिळावी, दुपारी बाळाबरोबर तिचा डोळा लागला तर कुणी हाक मारू नये. अंगावर पाजणं तिच्याशिवाय कुणाला जमणार नाही. बाकीचं सगळं घरातल्या प्रत्येकाला जमतं.