ढिश्यांव... आणि हशा!

रिकामा रस्ता. दोन्ही बाजूंना लाकडी घरं. मधोमध दोघं जण समोरासमोर, हात पिस्तुलाच्या दिशेने थबकलेले. कुठेतरी एक दार करकरतंय... पुढे काय होणार हे सांगायला फिल्म मेकिंगची डिग्री लागत नाही! तरीही आपण पॉपकॉर्न हातात धरून श्वास रोखतोच. आणि नेमक्या त्याच क्षणी हीरोचं पिस्तूल फुसकं निघालं, तर अख्खं थिएटर खो-खो हसतं. वेस्टर्न आणि वेस्टर्नची टिंगल, दोन्हीची मजा एकाच सीनवर उभी असते. हा सीन जिथे शेकडो वेळा शूट झाला आणि आजही दररोज घडतो, अशी एक जागा आहे. टेक्सास? अॅरिझोना? चूक. स्पेन!

अमेरिका नाही, अल्मेरिया

स्पेनच्या आग्नेय कोपऱ्यात अल्मेरिया नावाचं बंदराचं शहर आहे. तिथून साधारण ३० किलोमीटरवर ताबेर्नासचं वाळवंट लागतं. 'युरोपातलं एकमेव वाळवंट' अशी त्याची जाहिरात करतात. सहारासारखी वाळू मात्र शोधू नका. इथे आहेत पावसाने कोरलेल्या मातकट टेकड्या, कोरडी नदीपात्रं आणि डोळे दिपवणारं ऊन. साठच्या दशकात इटालियन दिग्दर्शक सेर्जिओ लिओनेला हेच हवं होतं. मेक्सिकोच्या सीमेसारखा मुलूख, भरपूर सूर्यप्रकाश आणि अमेरिकेच्या तुलनेत अगदी किरकोळ खर्च. 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स' (१९६४), 'फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर' (१९६५) आणि 'द गुड, द बॅड अँड द अग्ली' (१९६६) या तिन्ही सिनेमांचं थोडं-फार शूटिंग या परिसरात झालं. अमेरिकन हीरो, इटालियन दिग्दर्शक, स्पॅनिश टेकड्या! सेटवर जो तो आपापल्या भाषेत डायलॉग म्हणायचा, कारण आवाज नंतर डब व्हायचा. म्हणजे 'सीरियस' वेस्टर्नमध्येही बनवाबनवी भरपूर होती. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

मरणाऱ्यांचं गाव

'फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर'साठी कार्लो सिमी या कलादिग्दर्शकाने इथे 'एल पासो' नावाचं गाव उभं केलं. सिनेमात लुटली जाते ती बँक इथलीच. शूटिंग संपल्यावर एरवी अशा सेटचं जे होतं ते इथे झालं नाही. सिनेमात एक्स्ट्रा म्हणून काम केलेल्या स्थानिक लोकांनीच तो सेट विकत घेतला आणि पर्यटकांसाठी खुला केला. विचार करा, हीरोच्या गोळ्या खाऊन ज्यांनी रोजी कमावली, ते गावाचे मालक! आज हेच 'ओएसिस मिनी हॉलिवुड' आहे. सोबत प्राणिसंग्रहालय आणि पोहण्याचा तलावही आहे, त्यामुळे पोराबाळांची गर्दी असते.

मला जास्त भावलं ते जवळचंच 'फोर्ट ब्राव्हो'. इथे काउबॉयचं गाव, मेक्सिकन वस्ती आणि किल्ला असा सगळा जामानिमा आहे. रंग उडालेला, धूळ साचलेली, म्हणून जास्तच खरा वाटणारा. शो सुरू होतो तो एकदम सीरियस. शेरीफ येतो, डाकू येतात, घोडे उधळतात. स्पॅनिशचं ओ की ठो कळलं नाही तरी काही बिघडत नाही. आणि मग हळूच चावटपणा सुरू होतो. गोळी लागलेला डाकू मरायलाच तयार नसतो. पाय झाडतो, उठतो, पुन्हा पडतो, प्रेक्षकांकडे बघून टाळ्या मागतो. मी हसून हसून बेजार! पण पाठोपाठ दुसरा गडी छपरावरून थेट खाली पडला, तेव्हा अख्खं पब्लिक चिडीचूप झालं. पडणं खोटं असलं, तरी उंची खरीच होती ना!

टिंगल कुणाची?

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस स्पॅगेटी वेस्टर्नची लाट ओसरली आणि इथल्या स्टंटमनच्या पोटावर पाय आला. तेव्हापासून शूटिंग होतं ते अधूनमधून, पर्यटकांसमोरचा शो मात्र नियमित. म्हणजे वेस्टर्नने पाठ फिरवल्यावर या लोकांना हात दिला तो वेस्टर्नच्या नकलेने. आलेक्स दे ला इग्लेसियाचा '८०० बालास' (२००२) याच लोकांवर आहे. एक म्हातारा स्टंटमन, आपण क्लिंट ईस्टवुडचे डबल होतो अशा बढाया मारणारा, पर्यटकांसमोर रोज मरतो. गाव हातातून जायची वेळ येते, तेव्हा तो खऱ्या गोळ्या आणतो. आठशे! आधी हसवतो आणि मग आवंढा गिळायला लावतो, असा हा पिक्चर.

त्याआधी २००१ मध्ये जर्मनांची 'डेअर शू डेस मानितू' ही वेस्टर्नची धमाल टिंगल आली, तीही याच भागात शूट झालेली. जर्मनीत एक कोटीहून जास्त लोकांनी ती थिएटरमध्ये पाहिली. त्यात हीरोंना एक सलून विकलं जातं आणि ते निघतं नुसतंच दर्शनी फळकूट! फोर्ट ब्राव्होत एखाद्या घराच्या मागे जाऊन बघा, हा जोक लगेच कळेल.

आपला रामगढ कुठाय?

इथून जवळच एक लाकडी घर आहे, 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'साठी (१९६८) बांधलेलं. सिनेमात त्याच्या अंगणात एक अख्खं कुटुंब गोळ्यांना बळी पडतं. काही आठवलं? बरोबर, 'शोले'तलं ठाकूरचं कुटुंब! तो सीन यावरूनच स्फुरला, असं मानलं जातं. आणि आपण तरी टिंगलीत मागे कुठे आहोत? 'रामगढ के शोले' (१९९१) मध्ये खुद्द अमजद खानने आपल्याच गब्बरची फिरकी घेतली. 'क्विक गन मुरुगन' (२००९) तर शाकाहारी काउबॉय! फरक एकच. बेंगळुरूजवळच्या रामनगराला गेलात तर शोलेचे खडक दिसतात, रामगढ दिसत नाही. सेट केव्हाच उतरवला गेला. ताबेर्नासच्या एक्स्ट्रांनी गाव राखलं, म्हणून आज त्यावर हसताही येतं. जे आवडतं त्याचीच तर आपण नक्कल करतो!

जायचंय?

कसं? शेंगेन व्हिसा हवा. माद्रिदहून अल्मेरियाला विमान किंवा ट्रेन. ग्रानादाहून बसने दोन-अडीच तास. पुढे भाड्याची गाडी उत्तम.

केव्हा? वसंत किंवा शरद ऋतूत. उन्हाळ्यात भाजून निघाल! ताबेर्नासचा वेस्टर्न फिल्म फेस्टिव्हल २०११ पासून होतोय. त्याच्या तारखा बघून प्लॅन केलात तर सोन्याहून पिवळं.

खायला? अल्मेरियात ड्रिंकसोबत एक तापा, म्हणजे छोटीशी डिश, फुकट मिळण्याची पद्धत आहे. बजेटवाल्यांनो, नोंद घ्या!

होमवर्क? आधी लिओने बघा, मग '८०० बालास'. क्रम उलटा करू नका.